चमचाभर चहाइतकी ऊर्जा जीवघेणी कशी ठरते? पेशीच्या पातळीवर किरणोत्सार असा मोजतात

चमचाभर गरम चहातून शरीराला जेवढी उष्णता मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा किरणोत्साराच्या रूपात संपूर्ण शरीराला एकदम मिळाली, तर माणसाचा जीव जाऊ शकतो.

किरणोत्साराची मात्रा 'ग्रे'मध्ये मोजतात. एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, की ती १ ग्रे. संपूर्ण शरीराला एकदम सुमारे ४ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्या लोकांचा मृत्यू होऊ शकतो. पण एवढ्या ऊर्जेनं शरीराचं तापमान जेमतेम अंशाच्या हजाराव्या भागाइतकं वाढतं.

मग नुकसान होतं कशामुळे?

सरासरीत लपलेली गारपीट

तालुक्यात सरासरी १० मिलिमीटर पाऊस झाला, एवढ्यावरून सगळीकडे रिमझिम झाली की चार शेतांतच गारपीट झाली, हे कळत नाही. ग्रेचंही तसंच आहे. तीही सरासरीच.

गॅमा किरणांची ऊर्जा असंख्य पेशींमध्ये विखुरते. अल्फा कण मात्र आपली ऊर्जा मोजक्याच पेशींमध्ये ओततो. तिथे डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळच तुटले, तर पेशीला दुरुस्ती करणं अवघड जातं. म्हणूनच सुरक्षेच्या हिशोबात अल्फा कण गॅमा किरणांपेक्षा २० पट घातक धरतात.

त्यामुळे ऊर्जा किती पडली याबरोबरच ती एक-दोन मायक्रोमीटरच्या, म्हणजे पेशीच्या केंद्रकाहूनही लहान जागेत किती पडली, हे मोजावं लागतं. या शास्त्राला 'मायक्रोडोसिमेट्री' म्हणतात.

एवढं छोटं यंत्र बनवायचं कसं?

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे हॅराल्ड रॉसी यांनी १९५०च्या दशकात यावर उपाय शोधला. त्यांनी यंत्र लहान करण्याऐवजी आतला पदार्थ विरळ केला.

समजा, १.२७ सेंटीमीटर व्यासाच्या पोकळ गोळ्यात शरीराच्या ऊतींशी मिळताजुळता वायू भरला. तो ऊतींपेक्षा सुमारे ६ हजार पट विरळ ठेवला, तर गोळा ओलांडताना कण तेवढीच ऊर्जा गमावतो, जेवढी २ मायक्रोमीटर ऊती ओलांडताना गमावेल. प्रत्येक कणागणिक विजेचा एक स्पंद मिळतो. स्पंद जितका मोठा, तितकी ऊर्जा जास्त.

अशी उपकरणं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही वापरली गेली आहेत.

कॅन्सरच्या उपचारांशी संबंध काय?

नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरवर प्रोटॉन उपचार होतात. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या शेवटी सोडतो, त्यामुळे गाठीपलीकडचा निरोगी भाग बराच वाचतो.

जगभरात उपचार ठरवताना प्रोटॉनचा परिणाम सहसा क्ष-किरणांच्या १.१ पट धरला जातो. प्रत्यक्षात प्रवासाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो याहून जास्त असतो. गाठीला लागूनच मेंदूचा नाजूक भाग असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हा फरक ग्रेच्या आकड्यात दिसत नाही. तो पेशीच्या पातळीवरच मोजावा लागतो.