तेलाचा तवंग आणि पावसाचे पाणी

7 ऑगस्ट 2010 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' एका अंगावर कलली आणि तिच्या टाक्यांतील सुमारे 800 टन इंधनतेल समुद्रात वाहिले. तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्यांना लागला, खारफुटीची मुळे काळवंडली, आणि मुंबईकरांनी काही दिवस मासळीबाजाराकडे पाठ फिरविली. समुद्र नासला हे उघड्या डोळ्यांना दिसत होते. परंतु ज्या समुद्रावर तवंग पसरतो त्याच समुद्रावरून ढग येतात. मग त्या ढगांचा पाऊसही तेलकट होईल काय, अशी शंका रेल्वेने अकराशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या गृहस्थाच्या मनात आली, तर ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गच्चीवरचे पाणी टाकीत साठविणाऱ्याला ते कोठून आले हे विचारण्याचा अधिकार आहेच.

या शंकेचे अर्धे उत्तर कोकणातील मिठागरे वर्षानुवर्षे देत आली आहेत. सूर्य पाणी उचलून नेतो, मीठ खाली राहते. म्हणूनच खाऱ्या समुद्राचा पाऊस गोडा पडतो. तेलाच्या बाबतीत मात्र हा न्याय जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेल हा एकच एक पदार्थ नव्हे. ते शेकडो द्रव्यांचे मिश्रण आहे, आणि त्यांतील काही जड तर काही अत्यंत हलकी असतात. उकळत्या वरणावरील झाकणाच्या आतल्या बाजूस जमलेले थेंब पाहावेत. त्यांत हळदीचा रंग नसतो, हिंगाचा वास मात्र असतो. तवंगाचेही तसेच आहे. डांबरासारखा जड भाग पाण्यावरच राहतो, लाटांनी घुसळून त्याचा चॉकलेटी लगदा होतो आणि तो किनाऱ्याला लागतो. बेंझीन, टोल्यूइन यांसारखी हलकी द्रव्ये तेवढी हवेत उडून जातात. हलक्या खनिज तेलाचा निम्मा भागही एकदोन दिवसांत असा उडू शकतो. 'चित्रा'तून सांडले ते जहाजाच्या इंजिनाचे जड इंधन होते. त्यातून उडून जाणारा अंश अगदी थोडा.

उडालेल्या या वाफांचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे. पाण्याशी त्यांचे फारसे सख्य नसते, त्यामुळे पडणारा थेंब त्यांना सहजासहजी आपल्यात सामावून घेत नाही. वारा त्यांना विरळ करतो आणि सूर्यप्रकाशात त्यांचे विघटन होते. काहींचे काही तासांत, काहींचे काही दिवसांत. तथापि प्रकरण येथे पूर्णपणे मिटत नाही. एप्रिल 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलमंचाचा स्फोट झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी तवंगावरून विमान नेऊन हवेची तपासणी केली. काही वाफांचे रूपांतर होऊन त्यांपासून अतिसूक्ष्म कण बनल्याचे त्यांना आढळले. असे कण मेघबिंदूंत शिरू शकतात आणि पावसाबरोबर खाली येऊ शकतात. म्हणजे दूषितता अशक्य नाही. पण जे खाली येते ते तेल नव्हे, तर तेलापासून झालेल्या द्रव्यांचा लेशमात्र अंश असतो. त्याच सुमारास लुइझियाना राज्यात तेलाचा पाऊस पडल्याची वार्ता पसरली होती. रस्त्यावरील डबक्यांची सप्तरंगी झाक हा तिचा पुरावा! अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या वार्तेला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. तशी झाक मोटारींतून गळणाऱ्या तेलामुळे कोणत्याही शहरात पहिल्या सरीनंतर दिसते.

किनाऱ्यालगतची गोष्ट थोडी निराळी. फुटणाऱ्या लाटांचे तुषार आपल्याबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब उडवितात आणि वादळी वारा ते काठावरच्या वस्तीपर्यंत नेऊ शकतो. परंतु त्याला पाऊस म्हणणे योग्य होणार नाही.

पावसाला खरोखर काळे करणारी गोष्ट म्हणजे आग. 1991 च्या आखाती युद्धाने याची जणू तुलनात्मक परीक्षाच घेतली. त्या युद्धात लक्षावधी पिंपे तेल इराणच्या आखातात सोडले गेले आणि कुवेतमधील सहाशेंहून अधिक तेलविहिरीही पेटविल्या गेल्या. समुद्रातील तेलाने सौदी अरेबियाचा शेकडो किलोमीटरांचा किनारा बरबटला. इराणात काळा पाऊस पडला तो मात्र जळत्या विहिरींच्या काजळीमुळे. शेवटची विहीर नोव्हेंबरमध्ये विझली. मेक्सिकोच्या आखातातही तवंग हटविण्यासाठी तो 411 वेळा पेटविण्यात आला होता. समुद्र वाचवावा तर आकाश मळते, असा तो अवघड सौदा होता.

आता रायपूरकडे वळावे. छत्तीसगडच्या पावसाचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरात उठून ओडिशामार्गे येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. मुंबईजवळच्या तवंगाची वाफ तेथवर पोहोचेपर्यंत ती विरून तरी गेलेली असते किंवा वाटेतल्या सरींनी तिचे रूपांतरित कण धुऊन तरी टाकलेले असतात. ब्राह्मणपाऱ्याच्या गच्चीवर बोट फिरविले असता जी काळी पूड लागते, तिचा उगम शोधण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. शहराच्या उत्तरेस उरला-सिलतरा येथे कोळशावर चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्यांची धूळ आणि वाहनांचा धूर हवेत असतोच. ढगाखालची हवा धुऊन काढणे हे पहिल्या सरीचे कामच आहे, आणि जे धुतले जाते ते तिच्या पाण्यात उतरते. भारतात पावसाची आम्लता मातीच्या चुनखडीयुक्त धुळीमुळे पुष्कळदा कमी होते, ही एक जमेची बाजू. काजळी मात्र तिने नाहीशी होत नाही.

म्हणून छपराच्या पन्हळीपासून टाकीकडे जाणाऱ्या नळाला मध्येच एक तोटी बसवितात आणि मोसमातल्या पहिल्या सरींचे पाणी तिच्यातून बाहेर सोडून देतात. दीर्घ उघडीप पडली तर तोटी पुन्हा उघडावी लागते, कारण तेवढ्या दिवसांत गच्चीवर नवा थर बसलेला असतो.