कमिटीचे मास्तर, मूळचे कुठले?

शिकागो विद्यापीठाची ‘कमिटी ऑन सोशल थॉट’. स्थापना १९४१. नाव कमिटीचे, काम पीएच.डी. देणाऱ्या विभागाचे.

• संस्थापकांपैकी जॉन नेफ आर्थिक इतिहासकार. रॉबर्ट रेडफिल्ड आधी वकील, मग मानववंशशास्त्रज्ञ.

• फ्रीडरिख हायेक: व्हिएन्नाच्या दोन डॉक्टरेट, कायदा (१९२१) व राज्यशास्त्र (१९२३). नोबेल मात्र अर्थशास्त्राचे, १९७४.

• हॅना आरेन्ट: ख्याती राजकीय विचारांसाठी, प्रबंध तत्त्वज्ञानाचा, संत ऑगस्टीनच्या प्रेमसंकल्पनेवर. हायडेलबर्ग; मार्गदर्शक कार्ल यास्पर्स.

• सॉल बेलो: कादंबरीकार. पदवी मानववंशशास्त्र-समाजशास्त्राची.

• ए. के. रामानुजन: म्हैसूरला इंग्रजी साहित्य, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. (१९६३). अमेरिकेला जाण्याआधी काही वर्षे बेळगावात प्राध्यापक.

• ॲलन ब्लूम: घरचाच विद्यार्थी, पीएच.डी. याच कमिटीची, १९५५.