जाणाऱ्यांची हजेरी

शनिवार, पहाटे सहा. मार्च संपत आलाय. तिकोणा पेठेमागच्या झुडपांत रातव्याचं ‘चक्-चक्-चक्’ थांबतं आणि कोतवाल सुरू होतो. दोघेही इथलेच, त्यांची चिंता नाही. बघायचेत ते निघालेले.

सात. पवना धरणाचं पाणी मागे सरकलंय, काठाला गाळपेरीची ओल आहे. चरणाऱ्या गुरांच्या पायांत पिवळे धोबी किडे टिपताहेत. डिसेंबरात मळकट दिसणारे हेच नर आता हळदीला बसल्यासारखे पिवळेधमक. हिवाळी पाहुणा असा नटला की त्याचं निघायचं ठरलं म्हणायचं. हे जातात कुठे, ते पायातल्या कड्यांनी सांगितलं. 1959 पासून सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घातली. त्यांतली कित्येक पुढे सोव्हिएत संघात सापडली.

युरोपातले निरीक्षक वसंतात पहिला पाहुणा कधी आला ते टिपतात. आपल्याला शेवटचा कधी गेला ते टिपायचं असतं, आणि ते फार अवघड. पहिला धोबी दिसताक्षणी पहिला असतो. शेवटचा मात्र पुढे आठ-पंधरा दिवस कुणीच दिसलं नाही तर शेवटचा ठरतो. म्हणून ‘दिसला नाही’ हेही वहीत लिहावं लागतं. नवखे नेमकं तेच गाळतात.

नऊ. बांधावरच्या पांगाऱ्यावर भोरड्यांचा कलकलाट. फुलांतला रस पिताना एकमेकींना ढकलतात, कपाळं परागांनी माखलेली. जुलै-ऑगस्टपासूनच यांचे थवे देशात उतरायला लागतात आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परततात, टोळ-नाकतोडे मुबलक असतात त्या गवताळ मुलखात. म्हणजे वर्षाचा मोठा भाग इथे काढून पाहुणे म्हणवून घेणारे हेच.

दुपारी एक. पिठलं-भाकरी. “दिसली का पाखरं?” वाढता वाढता मावशी विचारतात. भोरड्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसनुसा होतो. “ज्वारीवर बसल्या की काय शिल्लक ठेवत्यात व्हय?”

सहा. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसल्यात. अंधार पडल्यावर रातवा ऐकायचा बेत होता, पण काठच्या तंबूंतले स्पीकर सुरू झाले. शनिवारी रात्री इथे घुबडसुद्धा ऐकू यायचं नाही.

रविवार, साडेसहा. गडाची वाट. चपेटदान मारुतीपाशी दम घ्यायचा. वरच्या कातळावर निळा कस्तूर अजून आहे, एकटाच, ताठ.

साडेनऊ. माथ्यावरून तुंग, लोहगड, विसापूर. ऊन तापून हवा वर चढायला लागली की तिच्यावर भोवत्या गिरक्या घेत उंची गाठतो आणि पंख न हलवता उत्तरेकडे घसरत जातो. पहाटे चढून थेट खाली उतरणाऱ्यांना हा कधीच दिसत नाही.

अकरा. उतरताना गप्पीदासाची नेहमीची जागा. झुडपाच्या शेंड्यावर बसून शेपूट झटकणारा तो आज नाही. पण उतारच काळा पडलाय, वणवा लागून गेलाय. तो सायबेरियाच्या वाटेला लागला, की आगीने नुसता पलीकडे हटला? वहीत दोन्ही शक्यता लिहून ठेवतो: ‘दिसला नाही, गवत जळालेलं.’ वणव्याची नोंद नसेल तर अशी तारीख उद्या कुणालाही चकवेल.

तुंगच्या अंगाचं गवत वरून तरी शाबूत दिसलं. पुढच्या शनिवारी आधी तिकडे.