मोरस : मीठ न घालता करायची भाजी

भाजीत चिमूटभरही मीठ घातले नाही, तरी ती खारट लागली तर? पालघर, वसई, उरणकडच्या खाडीकाठच्या घरांत याचे कुणालाच नवल वाटत नाही. तिथे मोरसची भाजी अशीच होते.

मोरस ही खाजणात, मिठागरांच्या बांधावर उगवणारी रानभाजी. पाने बारीक, लांबट, रसदार; कधी हिरवी, कधी लालसर. शास्त्रीय नाव सुएडा. पालक, चाकवत आणि बीट हे तिचे नातेवाईक.

खारट जमिनीत बहुतेक झाडांना पाणी शोषता येत नाही आणि ती सुकतात. मोरस मात्र मीठ आत घेते आणि पेशींमधल्या कप्प्यांत साठवते. या साठ्यामुळेच तिला पाणी ओढून घेता येते आणि पाने फुगीर होतात. म्हणजे मीठ पानावर नसते, पानात असते. म्हणून नुसते धुऊन खारटपणा जात नाही.

जुन्या स्वयंपाकिणींची रीत इथे उपयोगी पडते. कोवळे शेंडे निवडून धुवायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, घट्ट पिळायचे आणि ते पाणी टाकून द्यायचे. मग कांदा, लसूण, मिरचीच्या फोडणीत भिजवलेली चणाडाळ किंवा सुकट घालून भाजी परतायची. वरून ओले खोबरे. उकळण्याने मिठाबरोबर पाण्यात विरघळणारे ऑक्झलेटही कमी होते. पाणी फेकल्याने काही जीवनसत्त्वे जातात खरी, पण इथे तो सौदा फायद्याचाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ खावे. पिळल्यावरही मोरसमध्ये थोडे मीठ उरतेच. त्यामुळे त्या जेवणात लोणचे, पापड, सुकी मासळी टाळलेली बरी. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ही भाजी खावी.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. सांडपाणी किंवा कारखान्यांचे पाणी येणाऱ्या खाडीतल्या वनस्पतींत जड धातू साचू शकतात. उकळल्याने ते निघून जातील, असे समजू नये. तेव्हा भाजी घेताना विकणाऱ्या मावशींना जुडीच्या भावाबरोबर हेही विचारा : ‘कुठल्या खाजणातली?’