‘आर्स मोरियेन्दी’ : ख्रिस्ती अंतकालविद्येचें चित्रपुस्तक

मनुष्याच्या अंतकालीं मुखांत गंगोदक घालावें, कानीं देवाचें नांव पडावें, ही आपल्याकडील रूढि सर्वांच्या परिचयाची आहे. यूरोपांतील ख्रिस्ती लोकांतहि अंतकाल साधण्याचें एक शास्त्र होतें, आणि पंधराव्या शतकांत त्यावर ‘आर्स मोरियेन्दी’, म्हणजे ‘मरणाची कला’, या नांवाचें एक लहानसें लॅटिन पुस्तक प्रसृत झालें. संग्राहक त्यास मोलाचें मानतात तें त्यांतील अकरा चित्रांमुळें. परंतु त्या चित्रांचा अर्थ त्यांमागील सिद्धान्तावांचून लागत नाहीं. म्हणून आधीं त्याचें विवरण करूं.

ख्रिस्ती मताप्रमाणें न्याय दोन. जगाच्या अंतीं सर्व मृत उठतील आणि ख्रिस्त त्यांचा निवाडा करील, हा अंतिम न्याय. दुसरा प्रत्येक जीवाचा पृथक् न्याय. तो मृत्यूबरोबरच होतो. त्याचें फळ केव्हां मिळतें याविषयीं चौदाव्या शतकांत मोठा वाद माजला होता. तेव्हां पोप बारावा बेनेडिक्ट यानें इ. स. १३३६ च्या आज्ञापत्रानें असें ठरविलें कीं, शुद्ध आत्म्यांस ईश्वरदर्शन व महापातकांत मेलेल्यांस नरक हीं अंतिम न्यायाची वाट न पाहतां प्राप्त होतात. ज्यांची शुद्धि अपुरी असेल त्यांस ती पूर्ण होतांच ईश्वरदर्शन घडतें. याचा अर्थ असा कीं, देवाशीं समेट करण्याची मुदत शेवटच्या श्वासाबरोबर संपते. मंदिरांच्या महाद्वारांवर कोरला जाणारा विश्वाचा न्याय अशा रीतीनें रोग्याच्या खाटेपाशीं येऊन उभा राहिला.

समेटाचें नित्य साधन म्हणजे पश्चात्ताप, धर्मगुरूपुढें पापनिवेदन आणि प्रायश्चित्त. वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन केलेंच पाहिजे असा निर्बंध इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनें घातला होता. पण १३४७ ते १३५१ च्या महामारींत धर्मगुरूहि मोठ्या संख्येनें मेले, आणि मरणाऱ्याजवळ गुरु नसेल तर काय, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. पॅरिस येथील पंडित झां जेर्सों यानें १४०८ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधांत, रोग्याच्या मित्रानें त्यास काय सांगावें व काय विचारावें, हें दिलें आहे. केलेल्या पापांचा खेद वाटतो काय? वांचल्यास सुधारण्याचा निश्चय आहे काय? अपराध्यांस क्षमा केली काय? अन्यायानें घेतलेलें परत देण्यास तयार आहां काय? तूं खचित बरा होशील, असें खोटें आश्वासन मात्र देऊं नये, अशी ताकीद आहे; कारण त्यानें समेटाची वेळ टळते. या निबंधाच्या आधारें, कॉन्स्टन्स येथील परिषदेच्या काळांत (१४१४-१८), एका अज्ञात लेखकानें मोठा ग्रंथ रचला. सचित्र पुस्तक हा त्याचाच संक्षेप होय.

चित्रांचा क्रम असा : पांच मोह, प्रत्येकानंतर देवदूताचें आश्वासन, आणि शेवटीं मरण. अश्रद्धा, निराशा, असहिष्णुता, अहंकार व लोभ हे ते मोह. असहिष्णुतेच्या चित्रांत रोगी लाथ झाडतो व मेज उलथून पडलेलें दिसतें; लोभाच्या चित्रांत घर, घोडा आणि मद्याचीं पिंपें त्याच्या डोळ्यांपुढें आणिलीं आहेत.

परंतु पुस्तकाचें मर्म निराशेच्या चित्रांत आहे. सैतानाचे दूत पापांची यादी घेऊन खाटेभोंवतीं जमले आहेत. ती यादी खोटी आहे असें पुस्तक म्हणत नाहीं. उत्तराच्या चित्रांत चार व्यक्ति येतात : ख्रिस्तास नाकारणारा पेत्र व त्याचा कोंबडा, मरीया मग्दालीया, घोड्यावरून पडलेला पौल आणि वधस्तंभावरील चोर. सर्वच पापी; सर्वांस क्षमा मिळालेली. मात्र निराशेंतून सुटलेल्यास पुढें सैतान मुकुट देऊं करतो, तो अहंकाराचा मोह. म्हणजे पापांच्या राशीमुळें खचूं नये आणि पुण्याच्या राशीवर विसंबूं नये. समेट जमाखर्चानें होत नाहीं, क्षमेनें होतो, असा या क्रमाचा आशय आहे. अखेरच्या चित्रांत साधु मरणाऱ्याच्या हातीं मेणबत्ती देतो, आणि बालकरूपी आत्मा देवदूत उचलून घेतात.

पुस्तकाचीं पृष्ठें चोवीस : प्रस्तावनेचीं दोन, चित्रांचीं अकरा, मजकुराचीं अकरा. आपल्याकडील शिळाछापाच्या पोथ्यांत अक्षर व चित्र एकाच दगडावरून उमटे. येथें तीं एकाच जातीच्या लांकडी फळ्यांवर कोरून, कागदाच्या एकाच बाजूस घासून उठविलीं आहेत. असे ठसे खिळ्यांच्या छपाईहून प्राचीन असा पूर्वीं समज होता. कागदांतील जलचिन्हांच्या तुलनेनें मात्र उपलब्ध प्रतींपैकीं बहुतेक इ. स. १४५० नंतरच्या ठरल्या आहेत. एक प्रसिद्ध प्रत १८७२ त लाइपझिग येथील वायगेल संग्रहाच्या लिलावांत ब्रिटिश म्युझियमनें घेतली. ‘ई. एस.’ या अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या कारागिराचीं याच विषयाचीं अकरा ताम्रपटचित्रें ऑक्सफर्ड येथें आहेत. मूळ कोणतें व नक्कल कोणती, हा वाद जुना आहे.

पुढें १५१९ त लूथरनें मरणाच्या तयारीवर प्रवचन प्रसिद्ध केलें व १६२० त कार्डिनल बेलार्मिनानें ग्रंथ लिहिला. ज्यास चांगलें मरावयाचें त्यानें आधीं चांगलें जगावें, हा बेलार्मिनाचा मुख्य सिद्धान्त. अर्थात् समेट शेवटच्या घटकेवर सोंपवूं नये.

खाट, रोगी व सैतानदूत असलेलें एखादें सुटें पान कोणा संग्राहकाच्या हातीं आलें, तर दूत व देवदूत यांपैकीं वरचढ कोण हें प्रथम पाहावें. त्यावरून तें मोहाचें कीं आश्वासनाचें हें ठरतें, आणि सभोंवारच्या वस्तूंवरून त्याचा क्रमांक लागतो.