चाकांवरचे बिऱ्हाड

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात, तोच इस्लामपूरच्या रस्त्यांवर ट्रॉल्या दिसू लागतात. पेठ नाक्याकडून, आष्ट्याच्या बाजूने, ताकारीजवळ कृष्णा ओलांडून त्या येतात आणि पुढचे चार-पाच महिने गावाची झोप, गावाचे रस्ते आणि पारावरची बोलणी ताब्यात घेतात. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचे जाहीर केले. नाव कोणतेही घ्या, हंगामातला इथला आवाज एकच. चढाला लागलेल्या ट्रॅक्टरचा आणि त्याच्यामागे कुरकुरणाऱ्या दोन ट्रॉल्यांचा.

गाडीमागे घर जोडून हिंडायची हौस जगात जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या एका डॉक्टरांनी १८८५ मध्ये घोड्यांनी ओढायची राहती गाडी खास बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. पुढे घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आणि सुट्टीत घर मागे बांधून निघणे ही तिकडच्या कुटुंबांची रीतच झाली. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हे सारे वाचले की मला हसू येते. आमच्या वाळवा तालुक्यात चाकांवरचे बिऱ्हाड कुणाला नवे आहे? फरक एवढाच, की तिकडे लोक सुट्टी घेऊन घर ओढतात आणि आमच्याकडे लोक घर ओढत कामाला येतात.

आमच्या घरी एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवतो, मी हिशेब, कागदपत्रे आणि दुरुस्ती पाहतो. ऊस साखराळ्याच्या राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखान्याला जातो. गावापासून हाकेच्या अंतरावर कारखाना, त्यामुळे लोकांना वाटते, की यात काय कठीण आहे? चार पावलांवर तर जायचे! पण ऊस काही गव्हाणीच्या दारात पिकत नाही. फड असतो कुठल्यातरी पाणंदीच्या टोकाला, काळ्या रानात. तिथून भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच अर्धी लढाई होते.

ट्रॉली म्हणजे चार चाकांवर ठेवलेला लोखंडी सांगाडा, अशी अनेकांची समजूत असते. कायदा मात्र तिला स्वतंत्र वाहन मानतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टरची व्याख्या वेगळी आणि ट्रेलरची वेगळी. म्हणून ट्रॅक्टरचा एक क्रमांक, पहिल्या ट्रॉलीचा दुसरा आणि मागच्या ट्रॉलीचा तिसरा. एम.एच. १० ने सुरू होणारे हे तिन्ही क्रमांक, त्यांची तीन पुस्तके आणि त्यांचा विमा सांभाळणे हे घरातल्या लग्नाच्या याद्या सांभाळण्याइतकेच जिकिरीचे असते.

खरी परीक्षा दसऱ्याच्या आधी. पावसाळाभर ट्रॉल्या गोठ्यामागे उभ्या असतात. कोंबड्या त्यांच्याखाली अंडी घालतात, पोरे वर चढून खेळतात. हंगाम तोंडावर आला की त्या ओढून बाहेर काढायच्या, जॅक लावायचा आणि एकेक चाक उतरवायचे. हबमधले जुने ग्रीस पुसून काढले, की त्यात गेल्या हंगामातला चिखल सापडतो. बेअरिंग रॉकेलात धुऊन, बोटाने फिरवून, कानाशी धरून ऐकायचे. खरखर आली की बदलायचे. पाट्यांची पाने मोजायची, कारण एखादे तुटलेले पान दुसऱ्याच्या आड लपून बसते. पुढच्या चाकांचे वळते टेबल ग्रीस पिऊन मऊ फिरते की नाही पाहायचे. दांडीच्या वेल्डिंगवर हात फिरवून केसासारखी बारीक चीर शोधायची. हुकाची पिन झिजून बारीक झाली असेल, तर दोन पैशांकडे न पाहता नवी घालायची. वीस टनांचा बोजा अखेर त्या मनगटाएवढ्या पिनेच्या भरवशावर चाललेला असतो. पिन निसटलीच तर ट्रॉली वाऱ्यावर जाऊ नये म्हणून सोबतीला साखळी हवी.

रस्त्यावरची तपासणी त्याहून साधी. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर थांबायचे आणि प्रत्येक हबला हात लावायचा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, तर बेअरिंग आवळले आहे किंवा गेले आहे असे समजायचे. ताप बघायला आई जसा पोराच्या कपाळाला हात लावते, तसेच हे. आमच्या भावाला हे कोणी शिकवले नाही. वडील बैलांच्या खांद्यांना असाच हात लावून बघायचे.

आता ओढण्याचे. नवख्याला वाटते, की ट्रॅक्टरला ताकद आहे म्हणजे झाले. पण ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरने थांबायचे आणि मागच्या दोघींना थांबवायचे. म्हणून उतारावर गिअर आधीच खालचा टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणे म्हणजे यमाला आवतण. मागचा बोजा ढकलू लागला आणि अशात कचकन ब्रेक दाबला, तर ट्रॉली फिरून ट्रॅक्टरला कात्रीत पकडते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचे एक आणि उजव्याचे एक. शेतात कोपऱ्यावर वळताना ते वेगळे लागतात, पण रस्त्याला लागण्यापूर्वी खटका लावून दोन्ही एकत्र बांधलेच पाहिजेत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि सगळा ताफा एका बाजूला खेचला जातो.

चढावरची गोष्ट उलटी. बोजा मागे ओढतो आणि ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. हूक जितका उंच, तितका हा धोका मोठा. म्हणून हूक खालीच हवा आणि पुढे वजने लावलेली हवीत. पुढची चाके उचललेला ट्रॅक्टर हा बघणाऱ्यांना खेळ वाटतो, त्याचे चित्रण करून एकमेकांना दाखवतात. स्टिअरिंगवर बसलेल्याच्या घरच्यांना विचारा, तो खेळ आहे का!

आणि मागे घेणे? एका दोनचाकी ट्रॉलीला मागे घ्यायचे तर स्टिअरिंग उलटे फिरवायचे, इतके सोपे गणित. वळत्या टेबलाच्या चारचाकी ट्रॉलीला दोन जागी सांधा, म्हणजे गणित दुप्पट. अशा दोन ट्रॉल्या मागे असतील तर भलेभले ड्रायव्हर हात टेकतात, पिन काढतात आणि एकेक ट्रॉली वेगळी नेतात. म्हणूनच अरुंद रस्त्यावर समोरून मोटार आली, की ट्रॅक्टरवाला मागे सरकत नाही. लोक त्याला मुजोर म्हणतात. बिचाऱ्याला सरकताच येत नसते.

हे सगळे झाले यंत्राचे. पण ट्रॉलीचे खरे रूप मला दिसते ते ऊसतोड टोळी आणायला गेल्यावर. बीड जिल्ह्यातल्या गावांपासून इस्लामपूर तीनशे किलोमीटरांहून लांब. पंढरपूर, विटा, ताकारी असे करीत येईतो ट्रॅक्टरच्या चालीने एक दिवस आणि एक रात्र सहज जाते. त्या ट्रॉलीत काय नसते? पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, कळश्या, तवे, वाकळा, कोपीसाठी बांबू, डालग्यात कोंबड्या, दावणीला शेळी आणि या सगळ्याच्या मधोमध म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, पोरे. ट्रॉली हे माल वाहायचे साधन. तिच्यात माणसे बसवणे नियमात बसत नाही आणि काही विपरीत घडले तर विमा पाठीशी उभा राहीलच असे नाही. हे आम्हाला ठाऊक आहे, पोलिसांना ठाऊक आहे, कारखान्यांना ठाऊक आहे. तरी वर्षानुवर्षे असेच चालत आले. गेली काही वर्षे आम्ही माणसांसाठी वेगळी गाडी करतो आणि ट्रॉलीत फक्त सामान ठेवतो. खर्च वाढतो, पण रात्री फोन वाजला की छातीत धस्स होत नाही.

पहिल्या वर्षी वेगळी गाडी केली तेव्हा टोळीतल्या एक मावशी तिच्यात बसायला तयार होईनात. म्हणाल्या, “मालक, माझा संसार तिकडं ट्रॉलीत अन् मी हिकडं गादीवर? काय हरवलं-बिरवलं तर?” शेवटी त्यांच्या लेकाने पेटीची किल्ली त्यांच्या हातात दिली, तेव्हा कुठे त्या बसल्या. आपण ज्याला सामान म्हणतो, ते त्यांचे अख्खे घर असते. इथे आल्यावर त्याच बांबूंच्या आणि पाचटाच्या कोपी उभ्या राहतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तेच त्यांचे गाव. पहाटे अंधारात कोयते घेऊन जोडपी फडात जातात आणि पोरे कोपीपाशी राहतात. साखरशाळा निघाल्या, शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये आला, तरी धाकट्याला सांभाळायला थोरली घरीच राहते हे चित्र पुरते पुसलेले नाही.

या धंद्यातला पैसाही ट्रॉलीसारखाच, एकामागे एक जोडलेला. कारखाना वाहनमालकाशी करार करतो आणि त्याला उचल देतो. मालक ती मुकादमाला देतो, मुकादम टोळीला. सही मालकाची, जबाबदारी मालकाची. एका वर्षी आमच्याकडून उचल घेतलेला मुकादम टोळीसह आलाच नाही. ट्रॅक्टर दारात, ट्रॉल्या ग्रीस लावून तयार आणि फडात माणूस नाही. ती रक्कम फेडायला आम्हाला तीन हंगाम लागले. तालुक्यात असा अनुभव घेतलेले पुष्कळ आहेत. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उचल घेतलेले जोडपे आजारी पडले, बाळंतपण आले, पाऊस लागून तोड थांबली, तरी अंगावरचे पैसे फिटेपर्यंत त्याला परतता येत नाही. साखळीतला पुढचा मागच्याला ओढतो आणि मागचा पुढच्याला ढकलतो. ब्रेक कुणाच्याच पायाखाली नसतो.

त्यातून घाई. तोडलेला ऊस ठेवला की सुकतो, वजन घटते, साखर घटते. तो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे शेतकऱ्याला आणि कारखान्यालाही वाटते. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर. म्हणजे जितक्या खेपा, तितकी कमाई. वजनकाट्यावर नंबर लागायला रात्र-रात्र जाते आणि रिकामी ट्रॉली घेऊन ड्रायव्हर झोपमोड झालेल्या डोळ्यांनी पुन्हा फडाकडे निघतो. मोठ्याने लावलेली गाणी लोकांना उनाडकी वाटते. अनेकदा ती फक्त जागे राहण्याची धडपड असते. अर्थात त्या आवाजात मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, हेही खरे. आम्ही भावाला एक नियम घालून दिला आहे, की डोळा लागायला लागला तर खेप बुडाली तरी चालेल, बाजूला घे आणि झोप.

सगळ्यात जीवघेणी गोष्ट मात्र सगळ्यात स्वस्त आहे. ट्रॉलीच्या मागे लोंबणारे उसाचे शेंडे मागचा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर झाकून टाकतात. दिव्याची वायर उसात अडकून तुटते ती वेगळीच. मग अंधारात काळी ट्रॉली आणि मागून मोटारसायकलवर येणारा कुणीतरी, कामावरून घरी निघालेला. दरवर्षी हंगामाच्या आरंभी कारखाने, पोलीस आणि आरटीओचे लोक रिफ्लेक्टर वाटतात. ते चिकटवले जातात, चिखलाने माखतात आणि विसरले जातात. आमच्या ट्रॉलीला आम्ही लाल चमकत्या पट्ट्यांचे जाड कापड शिवून घेतले आहे. भरणी झाली की ते उसाच्या बाहेरून, मागच्या बाजूला लटकवायचे आणि प्रत्येक खेपेला ओल्या फडक्याने पुसायचे. ट्रॅक्टरची किंमत लाखांत आणि या कापडाची शेकड्यांत. तरी पुसल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही.

वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. रात्री पेठ-सांगली रस्त्यावर पुढे ट्रॉली दिसली, तर दोन वाहनांचे अंतर ठेवा. तुम्हाला एक ट्रॉली दिसते, तिच्यापुढे आणखी एक असते, म्हणून ओलांडायला तुमच्या अंदाजापेक्षा लांब मोकळा रस्ता लागतो. दिवा नसलेली ट्रॉली दिसली तर ड्रायव्हरला गाठून सांगा. शिव्या देऊ नका, त्याला तो मागे दिसत नसतो. आणि सकाळच्या चहात साखर ढवळताना कधीतरी आठवा, की ती इथवर येण्यासाठी कुणीतरी आपले घर चाकांवर चढवले होते.

मार्चच्या अखेरीस, कधी एप्रिलमध्ये, पट्टा पडतो. गव्हाण थांबते, कोपी मोडल्या जातात, बांबू पुन्हा मोळीत बांधले जातात. परतीच्या ट्रॉलीत सामान येतानापेक्षा थोडे जास्त असते. एखादा नवा हंडा, पोरांची सायकल, क्वचित एखादे नवे बाळ. भाऊ निघण्यापूर्वी हबला हात लावतो, पिन पाहतो, साखळी ओढून बघतो. भरलेल्या उसापेक्षा त्या दिवशीचा बोजा फारच हलका असतो. पण गाडी तो सगळ्यात सावकाश त्याच दिवशी चालवतो.