खेळणारी मुले, खेळ बनवणारी मुले

मगरिबनंतर मूल संगणकासमोर बसले की अब्बांचा आवाज येतो, "पुन्हा गेम?" मूल गेम खेळते आहे की बनवते आहे, हे मात्र आपण क्वचितच पाहतो.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली 'स्क्रॅच' मुलांसाठी खुले केले. मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी असलेले हे साधन मोफत आहे. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. 'दहा पावले चाल', 'कडेला लागलास तर उलट फिर' असे ठोकळे जोडले की पडद्यावरचे नारिंगी मांजर धावू लागते. पडद्याचा मध्य म्हणजे शून्य. डावीकडे गेले की उणे, अगदी उणे २४० पर्यंत. शाळेत फळ्यावर न उमगलेले उणे आकडे इथे मुलांना लागतातच, नाहीतर मांजर भलतीकडे जाते.

माझ्या भाचीने कुणाचा तरी भुलभुलैया उघडला, 'आत पाहा' दाबून त्याचे ठोकळे न्याहाळले आणि भिंतींच्या जागी आपल्या गल्लीतली पावसाची डबकी काढली. भाऊ लगेच ओरडला, "अम्मी, हिने चोरी केली!"

चोरी नव्हे. स्क्रॅचवर दुसऱ्याच्या कामात भर घालायला मोकळीक असते आणि मूळ निर्मात्याचे नाव आपोआप येते. पण आंद्रेस मोनरॉय-हर्नांदेझ आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात एक मजेची गोष्ट दिसली : यंत्राने छापलेल्या नावापेक्षा दुसऱ्या मुलाने स्वतः लिहिलेली दाद मुलांना अधिक मोलाची वाटते. भाचीला तेवढे सांगितले. तिने चार शब्द लिहिले.

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे जमणे कठीण. संगणक किंवा टॅब्लेट हवा. नेट नसतानाही चालणारी आवृत्ती संगणकावर उतरवून घेता येते. नेटवर खाते काढताना मुलांचे खरे नाव, शाळेचे नाव देऊ नये.

आणि घरात एकच संगणक असेल, तर तो बहुधा मुलाच्याच वाट्याला येतो. मुलगी तेव्हा भांडी घासत असते. भाचीने आता भिंतीवर वेळापत्रक चिकटवले आहे. सात ते आठ तिचे. भाऊ अजून कुरकुरतो.